बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर: डोळ्यांचा कॅन्सर समजून घेताना

दरवर्षी मे महिन्यात रेटिनोब्लास्टोमा (लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) जागरूकता सप्ताह येतो आणि व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. ‘बाळाचा फ्लॅश टाकून फोटो काढा, एक डोळा पांढरा दिसला तर कॅन्सर असू शकतो.’ संदेशाचा गाभा खरा आहे, पण तो अर्धवट आहे. काही घरांत त्याने झोप उडते, आणि काही घरांत ‘असलं रोजच येतं’ म्हणून तो पुसला जातो. दोन्ही प्रकारांत बाळाचं नुकसानच आहे, म्हणून हा विषय मुळापासून मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लहान मुलांच्या डोळ्यांचा हा कॅन्सर सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. गाठ डोळ्याच्या आत असतानाच ती सापडायला मात्र हवी. आपल्याकडे मुलं दगावतात त्यामागे बहुतेक वेळा उशीर असतो, आणि हा उशीर कुठे कुठे होतो ते ठाऊक असेल तर तो टाळता येतो.

डोळ्याचा कॅन्सर म्हणजे नेमका कुठला?

डोळा लहान असला तरी त्यात पापणीच्या ग्रंथी, पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण, आतला रक्तवाहिन्यांचा थर आणि सगळ्यात मागे पडदा असे वेगवेगळे भाग आहेत. यातल्या कुठल्याही भागात कॅन्सर होऊ शकतो आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी असते.

मुलांमध्ये तो पडद्यात होतो. पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा प्रकाश टिपणारा थर. यातल्या पेशी आईच्या पोटात असल्यापासून वाढत, विभागत असतात आणि बाळपणीच त्यांची वाढ थांबते. रेटिनोब्लास्टोमा या अजून पक्क्या न झालेल्या पेशींमधून होतो, म्हणून दहातली नऊहून अधिक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात. मोठ्या माणसाच्या पडद्यातल्या पेशी विभागायच्या थांबलेल्या असतात, त्यामुळे मोठेपणी कॅन्सर झालाच तर तो डोळ्याच्या दुसऱ्या भागात होतो.

साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला रेटिनोब्लास्टोमा होतो. आजार दुर्मीळच आहे. पण आपल्या देशात जन्मच इतके होतात की दरवर्षी सुमारे दीड हजार मुलांना तो होतो असा अंदाज आहे. जगात बहुधा दुसऱ्या कुठल्याच देशात एवढी मुलं या आजाराची नसतील.

बाहुली पांढरी का दिसते?

डोळ्याची काळी बाहुली म्हणजे खरं तर आत जाणाऱ्या प्रकाशासाठीचं भोक. फ्लॅशचा प्रकाश त्यातून आत जातो, मागच्या रक्ताने भरलेल्या थरावर आदळतो आणि तांबूस होऊन परततो. फोटोत डोळे लाल येतात ते यामुळे. पडद्यावर पांढुरकी गाठ असेल तर प्रकाश तिच्यावरून परततो आणि बाहुली पांढरी किंवा पिवळसर चमकते.

आया हे फार नेमकं सांगतात. ‘संध्याकाळी मांडीवर घेतलं की याचा एक डोळा मांजरासारखा चमकतो.’ यातला संध्याकाळचा तपशील महत्त्वाचा आहे. मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि आतलं दिसतं. भर उजेडात ती बारीक होते आणि गाठ लपते. शिवाय गाठ एका बाजूला असेल तर चमक ठरावीक कोनातूनच दिसते. आता हीच आई सकाळी लख्ख उजेड असलेल्या दवाखान्यात जाते. डॉक्टर बॅटरी मारून बघतात, बाहुली आणखी बारीक होते, काहीच दिसत नाही. ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकून ती घरी येते आणि पुढचे चार-सहा महिने सासूबाई, शेजारणी, सगळे तिलाच समजावतात की तुला भास झाला.

तिला भास झालेला नसतो. खोली अंधारी करून, हातभर अंतरावरून ऑप्थॅल्मोस्कोप या छोट्या उपकरणाने दोन्ही डोळ्यांत एकदम प्रकाश टाकला की दोन्ही बाहुल्या सारख्या तांबूस दिसायला हव्यात. एक फिकी, काळपट किंवा पांढरी दिसली तर पुढची तपासणी लागतेच. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते. बाळाला लसीसाठी नेताना, साडेतीन महिन्यांच्या, नवव्या महिन्याच्या आणि दीड वर्षाच्या डोसला, ‘डॉक्टर, तेवढं डोळ्यांतही बघा’ असं म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही. आणि घरात कुणालाही एकदा जरी पांढरी चमक दिसली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनच तपासणी करून घ्यायची. थेंब न टाकता ‘ठीक आहे’ म्हटलं असेल तर ती तपासणी पुरी झालेली नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

दुसरं लक्षण तिरळेपणा. अगदी तान्ह्या बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, पण तीन-चार महिन्यांनंतरही एक डोळा सतत तिरळा राहत असेल तर तो तपासायलाच हवा. तिरळेपणा भाग्याचा मानणारी घरं अजून आहेत. ‘मोठा झाला की सरळ होईल’ म्हणणारी तर घरोघरी आहेत. या वाट बघण्यात गाठीला वाढायला वेळ मिळतो. डोळा लाल होणं, सुजणं, बाहेर आल्यासारखा दिसणं ही पुढची लक्षणं.

या सगळ्यात बाळ खेळतं, हसतं, दूध पितं. आजार लहान असतो तेव्हा दुखत नाही. एका डोळ्याने दिसत नाही हे त्याला सांगताही येत नाही आणि कळतही नाही, कारण दुसरा डोळा काम भागवत असतो. ‘बाळाला काही त्रास नाही’ यावर म्हणून विसंबता येत नाही.

फोटोत डोळा पांढरा आला म्हणजे कॅन्सरच?

नाही. बाळ कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत असेल तर प्रकाश डोळ्यातल्या नसेच्या पांढुरक्या तोंडावरून परततो आणि निरोगी डोळाही एखाद्या फोटोत पांढरा येतो. जन्मजात मोतीबिंदू, मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा पडद्याचा आजार, पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे दोष यांतही बाहुली पांढरी दिसते. पण या आजारांनाही तातडीचे उपचार लागतात. जन्मजात मोतीबिंदूसुद्धा पहिल्या काही आठवड्यांत काढला नाही तर दृष्टी कायमची मंद राहू शकते. त्यामुळे कॅन्सर नाही निघाला तरी धावपळ वाया जात नाही.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या स्वतःच्या मुलाला हा आजार झाला. निदानानंतर त्यांनी घरातले जुने फोटो चाळले, तेव्हा बाळ अगदी तान्हं असतानाच्या फोटोंतही ती चमक सापडली. त्यांनी फोटोंतली पांढरी बाहुली ओळखणारं मोफत ॲप तयार केलं. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेटिनोब्लास्टोमा किंवा डोळ्यांचे इतर आजार असलेल्या २० पैकी १६ मुलांच्या घरच्या फोटोंत ॲपला ही चमक निदानाच्या कितीतरी आधीच सापडली होती, सरासरी १.३ वर्षं आधी. पुरावा फोनमध्ये पडून होता, त्याचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता.

तरी फोटोवर एका मर्यादेपलीकडे भरवसा ठेवू नये. आजकालचे बरेच फोन डोळ्यांतली लाली आपोआप पुसतात. चमक दिसली तर डॉक्टरांकडे जा. दिसली नाही म्हणून डोळा निरोगी असल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

एवढ्याशा बाळाला कॅन्सर होतो कसा?

आई-वडिलांना छळणारा प्रश्न हाच. आरबी१ नावाचं एक जनुक पेशींची बेलगाम वाढ रोखतं. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एखाद्या मोठ्या चाळीतल्या प्रत्येक खोलीला दोन कुलपं आहेत असं समजा. दोन्ही तुटल्याशिवाय चोर आत शिरत नाही. एकाच खोलीची दोन्ही कुलपं आपोआप बिघडणं फार क्वचित घडतं. घडलंच तर एका खोलीत, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून बहुतेक मुलांत एकाच डोळ्यात एकच गाठ होते आणि ती साधारण दोन वर्षांच्या आसपास लक्षात येते. पण चाळ बांधतानाच प्रत्येक खोलीचं एक कुलूप मोडकं बसवलेलं असेल तर? मग लाखो खोल्यांपैकी कुठे ना कुठे दुसरं तुटणारच, एकाहून अधिक ठिकाणी आणि लवकर. ही मुलं म्हणजे जन्मतःच प्रत्येक पेशीत एक प्रत बिघडलेली मुलं. त्यांच्या बहुधा दोन्ही डोळ्यांत गाठी होतात आणि निदान वर्षाच्या आतबाहेर होतं. एकूण रुग्णांत अशी मुलं सुमारे ४० टक्के असतात.

हे गणित आल्फ्रेड नुडसन या डॉक्टरांनी १९७१ मध्ये ह्यूस्टनमध्ये मांडलं, तेही प्रत्यक्ष जनुक कुणी पाहिलेलं नसताना, अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदींवरून. जनुक हाती लागलं १९८६ मध्ये. कॅन्सर रोखणारं जनुक म्हणून ओळख पटलेलं हे पहिलं जनुक. आज इतर कितीतरी कॅन्सरचं आकलन या चिमुकल्या डोळ्यांच्या आजारातून सुरू झालेल्या विचारावर उभं आहे.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’

बहुतेक कुटुंबं हेच सांगतात आणि ते खरं असतं. जन्मजात दोष असलेल्या मुलांतही बहुतेकांच्या बाबतीत तो त्या बाळापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, काहीतरी खाल्लं, मोबाइल फार बघितला, यांपैकी कशाचाही या आजाराशी संबंध नाही. आईकडे बोट दाखवणाऱ्यांना हे ठणकावून सांगायला हवं, कारण तिची ताकद पुढच्या उपचारांसाठी लागणार आहे.

आनुवंशिकतेचा विचार मात्र टाळता येत नाही. जन्मजात दोष असलेल्या मुलाला पुढे मुलं झाली तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी करतात. भावंडांचे डोळेही तपासले जातात आणि नंतर होणाऱ्या बाळाचे जन्मापासूनच.

तपासणी आणि उपचार

छोटं मूल डोळा स्थिर ठेवत नाही, म्हणून भूल देऊन, थेंबांनी बाहुली मोठी करून पडद्याचा कोपरान् कोपरा बघतात. सोबत डोळ्याची सोनोग्राफी करतात; गाठीत चुन्याचे कण दिसले तर निदान जवळजवळ पक्कं होतं. आजार नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकला आहे का, ते एमआरआयवर कळतं. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, कारण जन्मजात दोष असलेल्या मुलांना किरणांमुळे पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

गाठी किती, केवढ्या आणि कुठे आहेत यावरून डोळ्याची ‘ए’पासून ‘ई’पर्यंत प्रतवारी होते. ‘ए’मध्ये नुसत्या लेसरने किंवा अतिशीत उपचाराने भागू शकतं. मधल्या गटांत शिरेतून केमो देऊन गाठ लहान करतात आणि उरलेली लेसरने जाळतात. मोठ्या केंद्रांत जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन औषध तिथेच सोडतात. काही गाठींसाठी किरणोत्सारी चकती डोळ्याच्या बाहेरून काही दिवस शिवून ठेवतात. रुथेनियमची अशी चकती आता मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही बनवली आहे, पूर्वी ती परदेशातूनच आणावी लागे.

‘ई’ गटात, म्हणजे गाठीने डोळा व्यापला आणि दृष्टी गेली असेल तेव्हा, डोळा काढायचा सल्ला मिळतो. इथेच अनेक कुटुंबं दवाखान्यातून उठून जातात. त्यांची तडफड समजते. पण शस्त्रक्रियेत काय होतं ते नीट माहीत असावं. डोळ्याचा गोळा आणि त्यामागच्या नसेचा शक्य तेवढा लांब तुकडा काढतात, रिकाम्या खोबणीत गोल रोपण बसवतात आणि त्याला डोळ्याचे स्नायू जोडतात. पापणी, भुवई, चेहरा तसाच राहतो. साधारण दीड महिन्याने दुसऱ्या डोळ्याशी जुळणारा रंगवलेला नकली डोळा वरून बसवतात. तो थोडाफार हलतोही. त्यातून दिसत नाही, कारण अख्खा डोळा बदलून दृष्टी देणं आजच्या वैद्यकाला जमलेलं नाही. नेत्रदानातून मिळतं ते पुढचं पारदर्शक बुबुळ. पण एका डोळ्याने मूल शाळेत जातं, सायकल चालवतं, नोकरी करतं. उरलेल्या डोळ्याला मार लागू नये म्हणून न फुटणाऱ्या काचेचा चष्मा मात्र कायम हवा.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’

या समजुतीत गोंधळ आहे तो नीट सोडवू या. रेटिनोब्लास्टोमा असलेल्या डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत, हे खरं. तसं केलं तर पेशी डोळ्याबाहेर सांडू शकतात. म्हणूनच आतून न कापता अख्खा डोळा काढतात. पसरण्याचा मोठा धोका आहे तो गाठ आत ठेवून थांबण्यात. ती नसेतून मेंदूकडे जाते, हाडांत जाते. मग ‘डोळा की जीव’ असा प्रश्नच उरत नाही, दोन्ही हातचे जातात. हे थांबणं कधी देवाचं करण्यात होतं, कधी डोळ्यात मध, एरंडेल किंवा आईचं दूध घालण्यात. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी, पण गाठीवर यातलं काही चालत नाही आणि काही महिन्यांत ‘बी’चा डोळा ‘ई’ला जाऊ शकतो.

फरक केवढा पडतो? २०१७ मध्ये निदान झालेल्या १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांची माहिती एकत्र केली गेली. श्रीमंत देशांत निदानाचं मध्यक वय (निम्म्या मुलांचं निदान ज्याच्या आत झालं ते) १४.१ महिने होतं, सर्वांत गरीब देशांत ३०.५ महिने. निदान होईपर्यंत आजार डोळ्याबाहेर गेलेली मुलं श्रीमंत देशांत १.५ टक्के, गरीब देशांत ४९.१ टक्के. तीन वर्षांनी पहिल्या गटातली ९९.५ टक्के मुलं हयात होती, दुसऱ्यातली ५७.३ टक्के. भारत या दोन टोकांच्या मध्ये आहे. १४ आणि ३० महिन्यांमधले ते सोळा महिने मला या सगळ्या आकड्यांत सर्वांत जास्त टोचतात.

मोठ्यांचं काय?

आपल्याकडे मोठ्यांमध्ये ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं तो पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर. पाश्चात्त्य देशांत तो विरळा, आशियात मात्र बऱ्यापैकी आढळतो. तो दिसतो रांजणवाडीसारखा. पन्नाशी-साठीच्या माणसाला रांजणवाडी होते, शेकतात, मलम लावतात, कुणीतरी ती कापून काढतं, महिन्या-दोन महिन्यांनी तिथेच पुन्हा येते. उतारवयात त्याच जागी परतणारी रांजणवाडी, त्या जागच्या पापण्यांचे केस गळणं, एकाच डोळ्याची हटवादी लाली, यांपैकी काहीही असेल तर तुकडा तपासायला पाठवायचा आग्रह धरा. पापणीचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. वेळेत सापडला तर गाठ काढून पापणी पुन्हा घडवता येते.

शेतात, समुद्रावर, रस्त्यावर उन्हात आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यात मांस वाढतं, ते बहुतेक वेळा साधंच असतं. पण बुबुळाच्या कडेला पांढुरकी, खरखरीत, रक्तवाहिन्यांनी भरलेली वाढ झपाट्याने होत असेल तर ती पांढऱ्या भागावरच्या आवरणाचा कॅन्सर असू शकते. ऊन हे त्याचं एक कारण, आणि एचआयव्ही असलेल्यांत तो लवकर व जोरात होतो. सुरुवातीला तो शस्त्रक्रियेने, काही वेळा नुसत्या थेंबांनीही जातो.

डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरातला मेलॅनोमा गोऱ्या लोकांत जास्त, आपल्याकडे विरळा. डोळ्यापुढे सावली, चमका, धूसरपणा, किंवा काहीच नाही. चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर अचानक सापडतो. मध्यम आकाराच्या गाठीसाठी किरणोत्सारी चकती लावली काय किंवा डोळा काढला काय, आयुर्मानात फरक पडत नाही हे अमेरिकेतल्या तेराशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसलं, त्यामुळे आता शक्य तिथे डोळा वाचवतात. तो पुढे पसरला तर बहुधा यकृतात जातो, कित्येक वर्षांनंतरही, म्हणून यकृताच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर डोळ्यात पसरतो तोही लक्षात ठेवायला हवा. असे उपचार घेतलेल्या माणसाची नजर अचानक धूसर झाली तर ‘चष्मा बदलायला हवा’ म्हणून सोडून देऊ नये.

खर्च, प्रवास आणि त्यानंतर

मुंबईत परळचं टाटा रुग्णालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीचं एम्स इथे या आजाराचे अनुभवी विभाग आहेत. कॅन्सरचे बरेच उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि बाळाचं आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. टाटासारख्या ठिकाणी समाजसेवक राहण्याची आणि निधीची सोय बघायला मदत करतात, विचारायला लाजू नका. गावात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, चमकेची शंका तिथेही सांगता येते. जाताना तो फोटो फोनमध्ये जपून न्या.

उपचार संपले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि गाडीभाडं, बुडणारी मजुरी यांच्या हिशेबात पुढची तारीख चुकते. ती चुकवू नका. नवी गाठ पहिल्या काही वर्षांत कधीही येऊ शकते आणि ती लहान असताना लेसरवर भागतं. जन्मजात दोष असलेल्या मुलांना पुढे हाडांचा किंवा स्नायूंचा कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून किशोरवयात पायात न जाणारी दुखणी, गाठ किंवा सूज आली तर लहानपणीच्या आजाराची फाइल घेऊनच डॉक्टरांकडे जायचं. ती फाइल मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की तिच्या हाती द्यावी आणि लग्नानंतर मूल होण्याआधी जनुकीय सल्ला घ्यायला सांगावं.